घरून आणलेली खुर्ची

४ जानेवारी

प्रिय ताई,

सलाम. हे पत्र तू रविवारी चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर मोठ्याने वाचणार, म्हणून अक्षर नीट काढतो आहे. नाहीतर मध्येच थांबून सगळ्यांसमोर विचारशील, "हे कोंबडीचे पाय कुणी उमटवले?"

जागा मिळाली! उताराच्या रस्त्यावर, बसथांब्यासमोर, एक जुनं केशकर्तनाचं दुकान. ते चालवणारे न्हावीबाबा आता थकले, पाठ वाकली, म्हणून दोन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं. ते वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. पुढचं दुकान म्हणजे आपली उपासनेची खोली आणि मागची खोली म्हणजे माझं आणि शहाणीचं, आम्हा नवरा-बायकोचं बिऱ्हाड. एका बाजूला बेकरी आहे, दुसऱ्या बाजूला छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. खोलीच्या दोन्ही लांब भिंतींवर छतापर्यंत आरसे आहेत आणि मधोमध न्हाव्याच्या दोन फिरत्या लोखंडी खुर्च्या, जमिनीत बोल्टने आवळलेल्या. काढाव्या तर फरशी उखडेल, म्हणून राहू दिल्या. त्यांच्याभोवती घडीच्या चाळीस खुर्च्या मी स्वतः मांडल्या.

आणि पहिली उपासना झाली! काय सांगू ताई, उभा राहिलो आणि उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, जिकडे नजर टाकावी तिकडे चेहरेच चेहरे. शेवटची रांग तर दिसतच नव्हती. इथली भाषा मी अजून अडखळतच बोलतो, पण कुणी हसलं नाही. गाण्याच्या वेळी आवाज थोडा कमी पडला. होईल सवय.

चर्चच्या वडील मंडळींना सांग, काळजी नको. मला पाळक म्हणून इकडे पाठवताना वर्षभराची मुदत दिलीत, तीस नोव्हेंबरला विचारणार आहात की तिथे मंडळी उभी राहिली की नाही, आणि नसली तर सामान बांधून परत बोलावणार आहात. तशी वेळ येणार नाही.

एक काम आहे. आरशांमुळे लक्ष विचलित होतं. पडदे शिवून पाठवशील?

तुझा,
धाकट्या

*

२१ जानेवारी

धाकट्या,

तुझं पत्र वाचलं आणि मंडळीत टाळ्या पडल्या. घड्याळकाकांनी संपूर्ण पत्र होईपर्यंत एकदाही मनगटाकडे बघितलं नाही. ज्या माणसाने तुझ्या लग्नातसुद्धा आशीर्वादाच्या वेळी घड्याळ बघितलं, त्याचं हे कौतुक समज. वडील मंडळींचा प्रमुखच खूश म्हटल्यावर बाकीचे काय, मान डोलवायलाच बसलेले.

पडदे शिवायला घेतले आहेत. निळे. त्याबरोबर मेजावरचं कापड, त्या दोन लोखंडी भुतांना झाकायला खोळी, आणि चाळीस गीतपुस्तकांना चाळीस कव्हरं. तुला तिथे कुणाच्या तोंडाकडे बघायला लागू नये. आपल्या घरात मी तुला एकच गोष्ट शिकवली, कुणाच्या दारात हात पसरायचा नाही. आई-बाबा गेले तेव्हा तू सात वर्षांचा आणि मी एकोणीसची. कुणाच्या वाटीभर आमटीचेही आपण मिंधे राहिलो नाही.

इथलं विचारशील तर पहिल्या बाकावर कोण बसणार यावरून दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत. देवाच्या घरात बाकावरून भांडण! मी म्हटलं, दोघंही उभे राहा. तर आता दोघंही माझ्याशी बोलत नाहीत.

माझ्या शिलाई मशीनचं स्टूल आता फारच डुगडुगतं. गिऱ्हाइकं म्हणतात सुताराला दाखवा. कोण त्याच्या मागे लागणार? पायाखाली चिंधी घातली की झालं. वीस वर्षं झाली, तसंच चाललंय.

बायका किती, पुरुष किती, पोरं किती, ते नीट लिही. "चेहरेच चेहरे" हा काही आकडा नव्हे.

ताई

*

२ मार्च

प्रिय ताई,

पडदे आले, लागले, अगदी इंचाइंचाला बसले. न बघता मापात शिवणारी माझी ताई! खोळीही घातल्या. खोली आता आपल्या देवळासारखी दिसते.

तुझी शिकवण मी कशी पाळतो तेही ऐक. दर रविवारी दारात उभा राहतो. आलेल्याला हात धरून आत नेतो, खुर्चीवर बसवतो, हातात पुस्तक देतो, पान उघडून देतो, मग चहा. त्याला कपसुद्धा उचलू देत नाही. छत्रीवाला एक दिवस घडीची खुर्ची हातात घेऊन म्हणाला, हिची बिजागरी सैल आहे, घट्ट करून देतो. मी म्हटलं, छे छे, तुम्ही पाहुणे, आणि खुर्ची त्याच्या हातातून काढून घेतली. बेकरीवाल्या बाई एका सकाळी गरम पाव घेऊन आल्या. मी नम्रपणे परत केला, म्हटलं, तुमच्या धंद्याचा माल, आम्ही कसा घेऊ? न्हावीबाबा झाडू घेऊन जिना उतरत होते, त्यांना दंडाला धरून वर पोचवून आलो. या वयात त्यांनी झाडायचं म्हणजे लाजच ना!

कुणाचे मिंधे नाही आम्ही. तू अभिमान बाळग.

आकड्यांचं पुढच्या पत्रात लिहितो. माणसं येत-जात असतात.

धाकट्या

*

१६ मार्च

ताई,

हे पत्र मी तुमच्या भावापासून चोरून लिहिते आहे. तो बसथांब्यावर पत्रकं वाटायला गेला आहे. कुणी घेत नाही, तरी जातो.

त्या पहिल्या रविवारी खोलीत आम्ही दोघंच होतो. चेहरे होते, खोटं लिहिलं नाही त्याने, पण सगळे चेहरे आमचेच होते. समोरासमोर आरसे, मग काय! मी एकटी दोनशे बायका झाले होते आणि दोनशेही जणी बेसूर गात होत्या. तेव्हा आम्ही हसलो. आता तुमचे पडदे लागल्यापासून ती गर्दीही गेली.

माणसं येतात, ताई. पण एकदाच. छान बसतात, चहा पितात, आभार मानतात आणि पुन्हा येत नाहीत. रस्त्यात भेटले की मान खाली घालतात. मी काय चुकलं ते शोधून शोधून दमले. बेकरीवाल्या बाईंना विचारलं तर एवढंच म्हणाल्या, "तुमच्याकडे सगळं झालेलंच असतं हो. आम्ही येऊन करायचं काय?"

त्याने वडील मंडळींना राजीनामा लिहून गीतपुस्तकाच्या कव्हरात लपवला आहे. तुम्हीच शिवलेल्या कव्हरात. मला दिसला हे त्याला माहीत नाही. मला घरी यायचं नाही, ताई. मला ही माणसं आवडतात. काहीतरी करा.

तुमची शहाणी

*

३ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र तुझं तू वाच. तुझंही मागचं पत्र मी मंडळीत वाचलं नाही. घसा बसलाय म्हणून सांगितलं. अख्ख्या गावाला ठाऊक आहे की माझा घसा बसत नाही.

मी शिंपीण आहे रे! माझ्या दुकानात कपडे घालून बघायच्या खोलीत दोन आरसे आहेत. एक जाडी बाई आत शिरली की वीस जाड्या बाया दिसतात आणि बिचारी रडत बाहेर येते. "दोन्ही भिंतींना आरसे" आणि "चेहरेच चेहरे" एकाच पत्रात लिहितोस आणि मला कळणार नाही? पहिल्यांदा वाचलं तेव्हा टाळ्यांच्या नादात निसटलं. काल पुन्हा वाचलं आणि दुकान बंद करून पोट धरून हसले. मग रडले.

आता गुपचूप ऐक. चूक तुझी नाही, माझी आहे.

तुला आठवत नसेल. आई-बाबा गेल्यावर पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकू झाकलेलं ताट घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं, आमचं झालंय जेवण. झालं नव्हतं. तू माझ्या मागे उभा राहून त्या ताटाकडे बघत होतास. काकू ताट घेऊन परत गेल्या त्या पुन्हा कधी आपल्या उंबऱ्यात आल्या नाहीत. मला वाटलं, बाईला गर्व झाला. तीस वर्षं मी तसंच समजत आले. तुझ्या पत्रात बेकरीवालीचा पाव वाचला आणि मला त्या काकूंचं तोंड आठवलं. गर्व त्यांना नव्हता रे, मला होता. आणि मी तोच तुला संस्कार म्हणून दिला, इस्त्री करून.

अरे, बायबलमध्ये प्रभू थकून विहिरीवर बसला तेव्हा पाणी भरायला आलेल्या त्या परक्या बाईला त्याने आधी उपदेश केला का? आधी पाणी मागितलं. ज्याने जग केलं त्याला मागायची लाज वाटली नाही, आणि आपण कोण लागून गेलो!

मी माप न घेता पडदे शिवले, खोळी शिवल्या, कव्हरं शिवली. माप न घेता शिवलेलं कुणाच्या अंगाला लागत नाही. इथे बसून आम्ही तुमची अख्खी मंडळी शिवून पाठवली, फक्त माणसं आत घालायची बाकी ठेवली.

तेव्हा आता मोठी बहीण म्हणून सांगते. तुझे केस शहाणी कापते ना, स्वयंपाकघरातल्या कात्रीने? जशी मी कापायचे? बंद कर. एका लोखंडी खुर्चीची खोळ काढ, वर जा आणि त्या म्हाताऱ्याला म्हण, "बाबा, माझे केस कापून द्या." फुकट द्या म्हण. माग.

आणखी एक. तुला पाठवायचं ठरलं त्या सभेत विरोधात एकच हात वर होता, आठवतंय? मागच्या बाकावरून. सगळे वळून बघायच्या आत खाली घेतला. तो माझा होता. तुझ्यावाचून घर खायला उठेल म्हणून. आता वाटतं, तू परत येशील तर तोंड काळं करून नाही, मंडळी उभी करून ये.

ताई

*

१९ एप्रिल

ताई,

रागावलो आहे. नंतर लिहितो.

आणि ज्यांच्या बोटाला शाई लागलेली असते त्या "शहाण्या" बाईंशीही मी दोन दिवस बोलत नाही आहे.

*

१२ मे

प्रिय ताई,

राग गेला. कसा गेला ते सांगतो, पण तू आधी बस. मशीन थांबव.

तुझं पत्र आल्यावर पंधरा दिवस मी जिन्याच्या चार पायऱ्या चढायचो आणि उतरायचो. उपदेश करायला तोंड उघडतं, मागायला उघडत नाही, बघ कसा मी पाळक! शेवटी शनिवारी सकाळी शहाणीने एका खुर्चीची खोळ ओढून काढली, त्या बाजूचा पडदाही सरकवला, आणि म्हणाली, "जाताय की मी जाऊ माझे केस कापून घ्यायला?"

गेलो. न्हावीबाबांनी दार उघडलं. मी म्हटलं, "बाबा, माझे केस कापून द्याल का? मला जमत नाही." ते वाकले आणि त्यांनी कात्र्यांची पेटी उचलली. ताई, पेटी दाराशेजारीच ठेवलेली होती. दोन वर्षं!

जिना उतरताना मी हात धरायला गेलो तर माझ्या हातावर चापट मारली.

खुर्चीत बसलो. त्यांनी माझं डोकं इकडून तिकडून बघितलं आणि म्हणाले, "हे कुणी केलं?" मी बायकोकडे बोट दाखवलं. शहाणी पडद्यामागे पळाली. मग त्यांनी कात्री काढली आणि उघड्या दाराकडे तोंड करून मोठ्याने ओरडले, "अहो छत्रीवाले! धार गेलीय हिची!"

आणि छत्रीवाला आला! धार लावायचा दगड घेऊनच आला, जणू दोन वर्षं हाकेचीच वाट बघत होता. त्याच्यामागून बेकरीवाल्या बाई गरम पाण्याची किटली घेऊन. तेव्हा मला कळलं ते ऐक. या दुकानात कधीच कुणी नुसतं बसत नसे. बाबांची पाठ तरुणपणापासूनच अधू. म्हणून ज्याचा नंबर यायचा असेल त्याने आधीच्याचे केस झाडायचे, पाणी बेकरीतून यायचं, कात्र्यांना धार छत्रीवाला लावायचा, आरसे बसच्या वाहकबाई पुसायच्या. केस वाढलेले नसले तरी माणसं यायची. आणि मी काय केलं? त्याच दुकानात त्यांना चाळीस खुर्च्यांवर हात बांधून बसवलं! झाडू घेऊन उतरणाऱ्या म्हाताऱ्याला वर नेऊन सोडलं! आपल्याच घरातून कुणी पाहुणा करून बाहेर काढावं, तसं झालं त्यांना.

मी आरशात बघितलं. तोवर माझ्यामागे सात माणसं जमली होती, वाहकबाईही. खरी सात. बाकीची आरशातली.

गळ्याला फडकं, तोंडाला साबण, अशा अवतारात मी आयुष्यातला सगळ्यात लहान उपदेश केला. म्हटलं, "मला माफ करा. मी तुम्हाला काही करू दिलं नाही. मला इथलं गाणं येत नाही, भाषा धड येत नाही, खुर्च्यांच्या बिजागऱ्या सैल आहेत, आणि मला तुमच्याशिवाय हे जमणार नाही. उद्या याल का? मला मदत हवी आहे."

वाहकबाईंनी झाडू उचलला आणि माझे केस झाडले.

मी छत्रीवाल्याला खुर्च्यांकडे बोट दाखवलं. त्याने एक उघडली, हलवली, मिटली. म्हणाला, "या दुरुस्त करायच्या लायकीच्या नाहीत. उद्या माझी आणतो."

रविवारी सकाळी मी दारात उभा राहिलो नाही. आत बसून राहिलो, मांडीखाली हात दाबून, कारण ते हात सारखे काहीतरी मांडायला निघत होते. नऊला पाच मिनिटं असताना रस्त्यावर खुर्च्या चालताना दिसल्या. खरं सांगतो! छत्रीवाला डोक्यावर वेताची खुर्ची घेऊन. बेकरीवाल्या बाई पिठाने पांढरं झालेलं स्टूल घेऊन. वाहकबाईंनी बसमधून काढून टाकलेली एक सीट आणली, दोघांची. न्हावीबाबा रिकाम्या हातांनी उतरले आणि आपल्या लोखंडी खुर्चीवर राजासारखे बसले, म्हणाले, "माझी आधीपासूनच आहे."

अकरा माणसं. अकरा तऱ्हेच्या खुर्च्या. एकही रांग सरळ नाही. मी बोलत असताना छत्रीवाल्याने तीन प्रश्न विचारले, दोन माझ्या उत्तरानंतरही शिल्लक राहिले. प्रभुभोजनाचा पाव मोडला तो बेकरीवाल्या बाईंचा होता, कोमट होता, आणि ताई, मी या वेळी तो परत केला नाही.

जाताना कुणी खुर्ची उचलली नाही. मी वाहकबाईंना म्हटलं, "तुमची सीट राहिली." त्या म्हणाल्या, "राहू दे की. पुढच्या रविवारी पुन्हा कोण उचलून आणणार?"

दार लावलं आणि आम्ही दोघं त्या खुर्च्यांमध्ये उभे राहून रडलो. राजीनामा फाडला. कव्हर तेवढं सलामत आहे.

तुझा मुंडन होता होता वाचलेला,
धाकट्या

*

८ जून

धाकट्या,

मशीन थांबवलं होतं म्हणून बरं, नाहीतर बोट शिवलं असतं.

हे पत्र मंडळीत वाचायचं तर आधीचं खोटं कबूल करणं भाग होतं. मी उभी राहिले आणि सांगितलं, "जानेवारीत ज्याला तुम्ही टाळ्या वाजवल्यात तो आरसा होता." मग घड्याळकाकांच्या तोंडून फुस्स झालं, आणि ते हसायलाच लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाले, "चाळीस कव्हरं! मी स्वतः दोरे कापले त्यांचे!" मग सगळंच देऊळ हसलं. पहिल्या बाकावरून भांडणारी दोन्ही घरं एकमेकांकडे बघून हसली आणि लगेच आठवून गप्प झाली. एवढं तरी झालं.

पण सभेत काका पुन्हा काकाच. म्हणाले, "अकरा माणसं आली, आनंद आहे. पण ती याच्यासाठी आली की प्रभूसाठी? उद्या हा निघून आला तर तिथे काय उरेल, मंडळी की खुर्च्या?" मला राग आला. घरी येऊन विचार केला, तर प्रश्न खोटा नाही. तीस नोव्हेंबरला ते हेच विचारणार. उत्तर तुझ्याकडे नसेल तर माझ्याकडे कुठून असणार? आकडे नकोत आता, हे लिही.

तब्येत सांभाळ. केस कसे कापलेत त्याचा फोटो पाठव. शहाणीला सांग, शाई साबणाने जाते.

ताई

*

२९ सप्टेंबर

प्रिय ताई,

काकांच्या प्रश्नाचं उत्तर तीन महिने शोधत होतो आणि ते मला तापाने दिलं.

मागच्या आठवड्यात असा फणफणलो की उठता येईना. शनिवारी शहाणीला म्हटलं, दारावर चिठ्ठी लाव, उद्या उपासना नाही. तिने माझ्या कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि बरं म्हणाली. चिठ्ठी काही लावली नाही. या बाईचं नाव तू उगाच शहाणी ठेवलेलं नाहीस.

रविवारी मागच्या खोलीत पडलो होतो. मध्ये फक्त तुझा एक निळा पडदा. नऊला खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, येतील, चिठ्ठी बघतील, जातील. कुणी गेलं नाही. थोड्या वेळाने न्हावीबाबांचा आवाज आला, अक्षर अक्षर लावत वाचत होते. विहिरीवरच्या बाईचीच गोष्ट. चष्मा धुरकट होता वाटतं, मध्येच एक ओळ दोनदा वाचली. मग छत्रीवाल्याने नेहमीप्रमाणे प्रश्न विचारला, "तो पाणी मागतो खरा, पण शेवटी त्याला पाणी मिळालं का हो?" मी अंथरुणातून उत्तर द्यायला उठणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "मिळालं असेल. दोन वर्षं माझ्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. माझी बायको गेली, दुकान गेलं, आणि मी रोज पेटी दाराशी ठेवून म्हणायचो, देवा, तू असशील तर कुणाला तरी माझ्याकडे पाठव. त्याने पाठवला तो असला, डोक्यावर झाडणी उगवल्यासारखा. पण मागायला आला. तहान त्याला होती की मला, मला अजून कळलेलं नाही."

ताई, मी पडून राहिलो. असा उपदेश मी जन्मात केला नाही.

मग बेकरीवाल्या बाईंनी प्रार्थना केली. रोज पीठ मळताना त्या जी चाल गुणगुणतात, त्या चालीवर. आधी एकट्या, मग सगळे. आपलं एकही गीत नव्हतं ते. शब्द त्यांनीच केलेले, साधे: आमचं दार उघडं आहे, तू आत ये, आणि आजारी माणसाला बरं कर. आजारी माणूस म्हणजे मी, हे मला तिसऱ्या कडव्यात कळलं. मी तू कव्हर शिवलेलं गीतपुस्तक छातीवर घेऊन ऐकत होतो, आणि ते उघडायची गरजच नव्हती.

काकांना सांग, मी नसताना उपासना झाली. माझ्याहून बरी झाली.

पुढच्या महिन्यात नदीवर नऊ जणांचा बाप्तिस्मा आहे. न्हावीबाबा म्हणतात, पहिला नंबर माझा, दुकान माझं होतं. छत्रीवाल्याचे प्रश्न संपलेले नाहीत, तो म्हणतो, "प्रश्न संपले की सांगतो, तोपर्यंत खुर्ची राहू द्या." राहू देणार आहोत.

धाकट्या

*

८ डिसेंबर

धाकट्या, शहाणे, आणि तिकडच्या सगळ्यांनो,

तीस नोव्हेंबरला सभा झाली. सप्टेंबरचं पत्र मी वाचलं. संपल्यावर घड्याळकाकांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि खिशात घातलं. म्हणाले, "मुदतीचा विषय संपला. ती मंडळी आता आपली शाखा नाही, बहीण आहे. तो राहील की येईल हे आता त्या लोकांनी आणि त्याने ठरवायचं." हात वर करा म्हणाले. मी मागच्या बाकावरून दोन्ही हात वर केले. काका म्हणाले, एकच मोजला जाईल. म्हटलं, दुसरा मागच्या वर्षीचा परत घेते आहे.

मग मी म्हटलं, येत्या रविवारी सगळ्यांनी घरून आपापली खुर्ची आणायची, बाक भिंतीला लावा. गोंधळ झाला, पण लोकांनी आणल्या. पहिल्या बाकावरून भांडणाऱ्या दोन्ही घरांना कळेना की पहिली जागा आता कोणती. शेवटी दोघांच्या खुर्च्या शेजारी लागल्या आणि एकाने दुसऱ्याला खोकल्याची गोळी दिली.

आता माझं. हे लिहायला मला चार दिवस लागले आणि तीन कागद फुकट गेले. जन्मात मी कुणाकडे काही मागितलेलं नाही. शेजारच्या काकूंकडे परवा गेले, म्हाताऱ्या झाल्यात, ओळखायला वेळ लागला. म्हटलं, काकू, भूक लागलीय. त्यांनी काही न विचारता ताट वाढलं. तीस वर्षं उशिरा जेवले, पोटभर जेवले.

तेव्हा आता तुमच्याकडे मागते. मला तुमच्यात थोडी जागा द्याल का? दोन महिने, चार महिने. दुकान भाचीवर टाकते. तुमची पद्धत मला माहीत आहे, रिकाम्या हाती यायचं नाही, म्हणून माझं मशीनचं स्टूल बांधून पुढे पाठवलं आहे. त्याच्यावर बसून मी धाकट्याची पहिली चड्डी शिवली, त्याच्यावर बसून तुमचे पडदे शिवले. पाय डुगडुगतो, खाली चिंधी ठेवावी लागते.

सगळ्यांची,
ताई

*

२० डिसेंबर

ताई,

स्टूल पोचलं. न्हावीबाबांच्या खुर्चीशेजारी, बेकरीवाल्या बाईंच्या स्टुलाला लागून ठेवलं आहे. बसायला कुणाला परवानगी नाही. निळे पडदे काढून धुवून घडी घातले आहेत, तू आलीस की माप घेऊन त्यांचं काहीतरी शिव, काय ते इथल्या बायका सांगतील.

छत्रीवाल्याने स्टूल बघताक्षणी उलटं केलं, पाय हलवला आणि म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे, एक पाचर मारली की झालं. मी त्याच्या हातातून स्टूल काढून घेतलं. तो हबकला, त्याला वाटलं मी पुन्हा पहिल्यासारखा झालो.

म्हटलं, नाही हो, दुरुस्त तुम्हीच करायचंय. पण थांबा जरा. ती स्वतः येऊन मागणार आहे.

तुझी वाट बघत,
धाकट्या